तीव्र मानसिक आजार आणि रक्तातून पसरणारे संसर्ग : सांगली जिल्ह्यातील कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्किझोफ्रेनिया, बायपोलर विकार किंवा दीर्घकाळ चाललेले तीव्र नैराश्य असलेल्या व्यक्तीची काळजी घेणारी कुटुंबे, तसेच त्यांच्या घरी जाणाऱ्या आशाताई, परिचारिका आणि समुपदेशक यांच्याकडून येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. रक्तातून पसरणारे संसर्ग म्हणजे येथे मुख्यतः एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी हे तीन; यांतील दोन हिपॅटायटिस म्हणजे यकृतावर परिणाम करणाऱ्या विषाणूजन्य काविळी. सर्व उत्तरांमागे एकच आग्रह आहे : मानसिक आजार आहे एवढ्याच कारणाने कोणाची तपासणी टळू नये आणि कोणाचे औषध अडू नये. औषध बदलण्याचा किंवा मात्रा ठरवण्याचा निर्णय मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा आहे.

मानसिक आजाराचा आणि या संसर्गांचा संबंध काय?

मानसिक आजारामुळे विषाणू शरीरात येत नाही. तो येतो बाधित रक्तातून, असुरक्षित शरीरसंबंधातून किंवा आईकडून बाळाला. परंतु आजाराच्या काही अवस्थांमध्ये माणूस धोक्याच्या प्रसंगात अधिक सहजपणे सापडतो. उन्मादाच्या काळात विवेक सुटतो, लैंगिक इच्छा अनावर होते आणि एरवी संयमाने वागणारी व्यक्ती अनोळखी लोकांशी संबंध ठेवते. भ्रमाच्या भरात घर सोडून निघालेली माणसे मिरज जंक्शनच्या फलाटावर किंवा एखाद्या देवस्थानाच्या आवारात दिवस काढतात, आणि तेथे त्यांचे शोषण होण्याची शक्यता असते. एकाच वस्तऱ्याने अनेकांची दाढी होणे, जत्रेत एकाच सुईने गोंदून घेणे, दारू व नशा, स्वतःला जखमा करून घेणे, निर्जंतुक न केलेल्या सुईने टोचलेली इंजेक्शने हीही कारणे आहेत.

याखेरीज एक कारण आपल्या सर्वांच्या वागण्यात आहे. अशा रुग्णाने थकवा, पोटदुखी किंवा वजन घटल्याची तक्रार केली, तर ती मनाचीच आहे असे समजून तिच्याकडे दुर्लक्ष केले जाते. त्यामुळे संसर्ग असला तरी तो उशिरा कळतो, आणि मधल्या काळात यकृताची किंवा प्रतिकारशक्तीची झालेली हानी भरून काढणे अवघड होते.

तपासणी कोणी करावी आणि कोठे?

दीर्घ मानसिक आजार असलेल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीची या तीनही संसर्गांसाठी निदान एकदा तपासणी व्हावी, आणि धोक्याचा प्रसंग घडल्यास पुन्हा व्हावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. "हिचे कोणाशी कधी संबंध आलेलेच नाहीत" असे घरचे लोक खात्रीने सांगतात. पण शोषण झालेली व्यक्ती ते नेहमी बोलून दाखवतेच असे नाही.

एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन शासकीय रुग्णालयांतील आयसीटीसी, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व तपासणी केंद्रांवर मोफत होते. सांगलीचे पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, म्हणजे आपले सिव्हिल, आणि मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही जिल्ह्यातील मोठी ठिकाणे आहेत. जत, आटपाडी किंवा शिराळ्यासारख्या तालुक्यांतील लोकांनी आधी जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. एचआयव्हीविषयीची माहिती १०९७ या राष्ट्रीय क्रमांकावर मिळते, तर मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. संसर्ग झाल्यानंतर लगेच केलेली तपासणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून समुपदेशकाने पुन्हा बोलावले असेल तर ती तारीख चुकवू नये.

हिपॅटायटिस सीची चाचणी पॉझिटिव्ह आली आहे. आजार नक्की झाला आहे का?

अजून तसे म्हणता येत नाही. पहिली चाचणी प्रतिपिंडांची, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या घटकांची असते आणि ती एवढेच सांगते की विषाणू कधीतरी शरीरात येऊन गेला आहे. काही लोकांच्या शरीरातून तो उपचाराविना आपोआप निघून जातो, तरीही प्रतिपिंडे राहतात. विषाणू आज रक्तात आहे की नाही हे व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातील विषाणूचे प्रमाण मोजणाऱ्या चाचणीनेच कळते, आणि उपचाराचा निर्णय त्या दुसऱ्या चाचणीवर होतो. पहिला अहवाल हाती घेऊन घाबरून घरी बसलेली आणि दुसऱ्या चाचणीला कधीच न गेलेली माणसे उपचाराला मुकतात. म्हणून पहिल्या अहवालाच्या दिवशीच दुसऱ्या चाचणीचे विचारून घ्यावे.

रुग्णाला काही समजत नाही. त्याच्या नकळत रक्त तपासून घेतले तर चालेल का?

नाही. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, आणि त्यानुसार व्यक्तीची किंवा तिच्या प्रतिनिधीची माहितीपूर्ण संमती घेतल्याशिवाय एचआयव्हीची चाचणी करता येत नाही. चाचणीच्या आधी व नंतर समुपदेशन हा त्या संमतीचाच भाग आहे.

"काही समजत नाही" हे विधान घरच्यांच्या तोंडी फार लवकर येते, म्हणून येथे थोडे थांबून विचार करणे आवश्यक आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ प्रत्येक व्यक्तीकडे निर्णयक्षमता आहे असे गृहीत धरतो, जर तिला उपचाराविषयीची माहिती समजत असेल, निर्णयाचे परिणाम उमगत असतील किंवा आपला निर्णय ती बोलून, खुणेने किंवा अन्य मार्गाने सांगू शकत असेल. तिचा निर्णय इतरांना चुकीचा वाटतो, एवढ्यावरून ती अक्षम ठरत नाही. ज्याला आपल्यामागे पोलीस लागले आहेत असे वाटते, त्याला रक्तात काविळीचा विषाणू आहे का हे पाहायचे आहे, ही गोष्ट नीट समजू शकते. या दोन आकलनांचा एकमेकांशी संबंध असेलच असे नाही.

क्षमता दिवसागणिक बदलतेही. भास तीव्र असताना, किंवा नुकतेच झोपेचे औषध दिलेले असताना संमती मागू नये. औषधांनी मन स्थिर झाल्यावर, शांत खोलीत, एका वेळी एकच गोष्ट सांगून विचारावे. सुई कोठे टोचणार, किती रक्त घेणार, अहवाल कोणाला दाखवणार, हे साध्या शब्दांत सांगितल्यावर नकार देणाऱ्यांपैकी अनेकजण तयार होतात, कारण त्यांची भीती चाचणीची नसून आपल्यावर काहीतरी लादले जाण्याची असते. ज्या व्यक्तीला खरोखरच निर्णय घेता येत नाही, तिच्या बाबतीत नामनिर्देशित प्रतिनिधीची भूमिका येते. हा प्रतिनिधी रुग्णाला बरे असतानाच साध्या कागदावर, सही किंवा अंगठ्याने नेमता येतो. आजाराचा पहिला जोर ओसरल्यावर प्रत्येक कुटुंबाने हे काम करून ठेवावे.

"मानसिक आजार आहे, म्हणून हिपॅटायटिस सीचे औषध देता येणार नाही" असे पूर्वी सांगितले होते. आजही तसेच आहे का?

नाही. पूर्वी हिपॅटायटिस सीवर इंटरफेरॉनची इंजेक्शने महिनोन् महिने द्यावी लागत आणि त्यांनी तीव्र नैराश्य, चिडचिड, क्वचित आत्महत्येचे विचारही उद्भवत. त्यामुळे मानसिक आजार असलेल्यांना या उपचारातून वगळले जाई. आता थेट विषाणूवर काम करणाऱ्या गोळ्या आल्या आहेत. यकृत कठीण झालेले नसल्यास सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटास्व्हिर या गोळ्यांचा १२ आठवड्यांचा उपचार दिला जातो, १०० पैकी ९५ च्या आसपास रुग्ण पूर्ण बरे होतात, आणि या गोळ्यांचा मनावर इंटरफेरॉनसारखा परिणाम होत नाही. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात हा उपचार मोफत आहे.

जुना नकार मात्र अनेकांच्या फाइलमध्ये आणि मनात तसाच राहिला आहे. ज्यांना दहा वर्षांपूर्वी परत पाठवले गेले, त्यांनी पुन्हा जावे. उपचार सुरू करण्यापूर्वी हिपॅटायटिस बीची तपासणी झाली आहे ना, हेही विचारावे. कारण सीचा विषाणू नाहीसा होत असताना शांत असलेला बीचा विषाणू उचल खाऊ शकतो.

मानसिक आजाराच्या गोळ्या आणि या संसर्गांच्या गोळ्या एकत्र चालतात का?

बहुतेक चालतात. काही जोड्यांत मात्र खरा धोका आहे, आणि तो टाळण्यासाठी दोन्ही बाजूंच्या डॉक्टरांना एकमेकांची औषधे माहीत असणे अत्यावश्यक आहे. आपल्याकडे साखळी तुटते ती नेमकी येथे. मानसोपचाराची फाइल एका पिशवीत, एआरटीचे (एचआयव्हीच्या नियमित औषधोपचाराचे) पुस्तक दुसऱ्या पिशवीत, आणि लाज वाटते म्हणून एकीकडचे दुसरीकडे दाखवले जात नाही.

सर्वांत महत्त्वाचे नाव कार्बामाझेपिनचे आहे. हे औषध बायपोलर विकारात आणि फिट्ससाठी देतात. ते यकृताला इतर औषधे वेगाने मोडण्यास भाग पाडते, त्यामुळे हिपॅटायटिस सीच्या गोळ्या रक्तात पुरेशा टिकत नाहीत आणि उपचार वाया जातो; ही जोडी वापरायची नसते. एचआयव्हीच्या डोल्युटेग्राव्हिरचे प्रमाणही ते घटवते, त्यामुळे तेथे मात्रा वाढवावी लागते किंवा कार्बामाझेपिनच बदलावे लागते. फेनिटॉइनचेही तसेच आहे. हा बदल मानसोपचारतज्ज्ञाने आधीच, सावकाश करायचा असतो. घरच्यांनी गोळी अचानक बंद केल्यास फिट येऊ शकते किंवा उन्माद उलटू शकतो.

बायपोलर विकारात दिल्या जाणाऱ्या व्हॅल्प्रोएटचा ताण यकृतावर येतो, म्हणून हिपॅटायटिस असताना यकृताच्या चाचण्या अधिक वेळा कराव्या लागतात. त्याच विकारात दिले जाणारे लिथियम मूत्रपिंडावाटे बाहेर पडते आणि एचआयव्ही व हिपॅटायटिस बी या दोन्हींत वापरले जाणारे टेनोफोव्हिर मूत्रपिंडाला त्रास देऊ शकते. ही दोन्ही औषधे चालू असतील तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्तचाचणी) आणि लिथियमची पातळी ठरलेल्या वेळी तपासावी, आणि जुलाब-उलट्या किंवा उन्हाळ्यातील निर्जलीकरण झाल्यास लगेच डॉक्टरांना कळवावे. स्किझोफ्रेनियावरील क्लोझापिन आणि एचआयव्हीवरील झिडोव्ह्युडिन या दोन्हींनी पांढऱ्या पेशी घटू शकतात. दुसऱ्या टप्प्याच्या एचआयव्ही उपचारातील रिटोनाव्हिरमुळे क्वेटियापिनसारख्या मानसिक आजाराच्या औषधाची रक्तातील पातळी खूप वाढते आणि रुग्ण गुंगीत जातो.

आणखी एक जोडी सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. मानसिक आजाराच्या काही औषधांनी वजन आणि साखर वाढते, म्हणून अनेकांना मेटफॉर्मिन सुरू असते. डोल्युटेग्राव्हिर मेटफॉर्मिनची पातळी वाढवते, त्यामुळे त्याच्या मात्रेला मर्यादा घालावी लागते. पित्ताच्या गोळ्या डोल्युटेग्राव्हिरबरोबर एकत्र घेऊ नयेत, आणि लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्याही त्याच्याबरोबर रिकाम्या पोटी घेऊ नयेत. किती तासांचे अंतर ठेवायचे ते एआरटी केंद्रावर विचारावे.

एआरटी सुरू झाल्यापासून भास आणि बेचैनी वाढली आहे. गोळ्या बंद कराव्यात का?

स्वतःहून बंद करू नयेत. पूर्वी सर्रास दिल्या जाणाऱ्या एफाव्हिरेन्झ या औषधाने विचित्र स्वप्ने, चक्कर, नैराश्य असे त्रास होत आणि ज्यांना आधीच मानसिक आजार आहे त्यांच्यासाठी ते अडचणीचेच होते. आता टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर अशी एकत्रित गोळी दिली जाते, ती बहुतेकांना सोसते. काहींची झोप मात्र उडते, अशा वेळी गोळी सकाळी घेण्याने फरक पडतो.

परंतु एचआयव्ही असलेल्या व्यक्तीत गोंधळ, तीव्र डोकेदुखी, ताप किंवा वागण्यात अचानक बदल दिसला, तर त्याला "जुनाच आजार उलटला" असे म्हणून घरी ठेवू नये. मेंदूचा क्षयरोग किंवा बुरशीचा मेंदूज्वर असू शकतो. यकृत खूप बिघडलेल्या रुग्णात दिवसा झोप, रात्री जागरण आणि असंबद्ध बोलणे ही यकृत निकामी होत असल्याची खूण असू शकते. त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

हा माणूस रोज गोळ्या घेईल यावर विश्वास कसा ठेवायचा?

हा प्रश्न कुटुंबांइतकाच काही डॉक्टरांच्या मनातही असतो, आणि त्यामुळेच उपचार सुरू करण्यास टाळाटाळ होते. मानसिक आजार नीट आटोक्यात असेल आणि कोणाचा तरी आधार असेल, तर ही माणसे इतरांप्रमाणेच नियमित गोळ्या घेतात. म्हणून आधी भाकीत करण्यापेक्षा आधार उभा करावा. रोज घ्यावयाच्या सर्व गोळ्या शक्यतो एकाच वेळेला बांधाव्यात, आठवड्याची कप्प्यांची डबी भरून ठेवावी, आणि घरातील एकाच व्यक्तीने ती जबाबदारी घ्यावी. तिच्याशी रुग्णाचे पटते ना, हे आधी पाहावे. गोळी जेवणात मिसळून फसवून देऊ नये. कळले की विश्वास जातो, आणि मग जेवणही नाकारले जाते.

एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी दोन्ही असलेल्यांनी विशेष जपावे. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन ही दोन्ही विषाणूंना रोखणारी औषधे आहेत, त्यामुळे एआरटी अचानक थांबली तर हिपॅटायटिस बी जोराने उसळून यकृत धोक्यात येऊ शकते.

आपल्या जिल्ह्यात खंड पडण्याची दोन कारणे स्थानिक आहेत. पहिले कृष्णेचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत पुराचे पाणी सांगलीत आणि नदीकाठच्या गावांत शिरले तेव्हा घराबाहेर पडणेही कठीण झाले होते. नदीकाठच्या कुटुंबांनी पावसाळ्यापूर्वीच केंद्राशी बोलून दोन आठवड्यांच्या जास्तीच्या गोळ्यांचे विचारावे, आणि मानसोपचाराच्या व एआरटीच्या कागदांच्या प्रती गोळ्यांसह पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवाव्यात. दुसरे कारण स्थलांतराचे. खानापूर-आटपाडी भागातील गलाई व्यवसायातील (सोने-चांदी गाळून शुद्ध करणारी) कुटुंबे देशभर विखुरलेली आहेत, आणि ऊसतोडीच्या हंगामात बाहेरचे कामगार येथे येतात. एआरटीचे पुस्तक दाखवून दुसऱ्या गावच्या केंद्रावर तात्पुरत्या गोळ्या मिळू शकतात. निघण्यापूर्वी आपल्या केंद्रावर कळवले तर हे सोपे जाते.

हिपॅटायटिस बीची लस मोठ्या माणसांनी घ्यावी का? आणि काविळीचे झाडपाल्याचे औषध?

अवश्य घ्यावी. लहान मुलांच्या लसीकरणात ही लस देशभर २०११ पर्यंत पोहोचली, त्यामुळे आजच्या बहुतेक प्रौढांना ती बालपणी मिळालेली नाही. तीन डोस असतात : पहिला, एक महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. ज्यांना मानसिक आजाराचे महिन्याचे इंजेक्शन चालू आहे, त्यांचे लसीचे डोस त्याच भेटींना जोडून घेतल्यास वेगळी फेरी पडत नाही. रुग्णाला हिपॅटायटिस बी असल्यास घरातील सर्वांनी, विशेषतः पती किंवा पत्नीने, तपासणी करून लस घ्यावी.

आपल्याकडे हिला "पांढरी कावीळ" म्हणतात आणि ती उतरवून घेण्यासाठी लोक गावोगाव जातात. मोठेपणी झालेली हिपॅटायटिस बीची लागण बहुतेकांत आपोआप बरी होते, आणि श्रेय मंत्रलेल्या माळेला किंवा मुळीला जाते. ज्यांच्यात ती टिकून राहते त्यांचे यकृत मात्र आत झिजत असते. मानसिक आजाराच्या गोळ्यांवर आणखी अनोळखी झाडपाल्याचा भार यकृतावर टाकणे घातक आहे.

घरात एकत्र राहण्याने, जेवण्याने लागण होते का?

नाही. एका ताटात जेवणे, मिठी मारणे, एकच शौचालय वापरणे, कपडे एकत्र धुणे याने हे तीनही संसर्ग होत नाहीत. वस्तरा, ब्लेड, दात घासण्याचा ब्रश आणि नखे कापण्याचे साधन प्रत्येकाचे वेगळे असावे. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तातही सात दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतो, म्हणून सांडलेले रक्त हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हातात घालून, ब्लीचिंगच्या पाण्याने पुसावे. रुग्णाचे ताट वेगळे ठेवण्याचा वैद्यकीय उपयोग शून्य आहे आणि त्याच्या मनाला होणारी इजा मोठी आहे.

रुग्णाला आवरताना तो चावला, किंवा त्याला वापरलेली सुई आपल्याला टोचली तर?

लाळेतून एचआयव्ही पसरत नाही. चाव्याने रक्त आले असेल तर जखम साबण व वाहत्या पाण्याने धुवावी; ती पिळू नये, चोखू नये. मग लगेच शासकीय रुग्णालयात जावे. एचआयव्ही टाळण्याची औषधे शक्यतो पहिल्या दोन तासांत आणि जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत सुरू करायची असतात व ती २८ दिवस घ्यावी लागतात. लस न घेतलेल्या माणसाला सुईच्या टोचण्यातून हिपॅटायटिस बी होण्याचा धोका एचआयव्हीपेक्षा कितीतरी अधिक असतो, त्यामुळे त्याचीही विचारणा करावी.

घरातून निघून गेलेली मुलगी काही दिवसांनी सापडली आहे. काय करावे?

तिला दोष न देता, प्रश्नांचा भडिमार न करता, प्रथम रुग्णालयात न्यावे. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर प्रत्येक शासकीय आणि खासगी रुग्णालयाने मोफत प्राथमिक उपचार देणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि उपचारासाठी पोलिसांत तक्रार झालेली असण्याची अट नाही. ७२ तासांच्या आत असल्यास एचआयव्ही प्रतिबंधक औषध, हिपॅटायटिस बीची लस आणि गर्भधारणा टाळण्याचे औषध यांविषयी विचारावे. मुदत उलटली असली तरी तपासणी करावीच. इज्जतीच्या भीतीने कुटुंबे हे ७२ तास घालवतात, आणि त्याची किंमत ती मुलगी मोजते.

निदान कोणाकोणाला सांगायचे? लग्न ठरत असेल तर?

रुग्णाच्या परवानगीशिवाय भावकीला, शेजाऱ्यांना किंवा मालकाला सांगू नये. एचआयव्हीचा आणि मानसिक आरोग्याचा, दोन्ही कायदे गुप्ततेचे संरक्षण देतात. गोळ्या देणाऱ्या व्यक्तीला सांगणे सोयीचे असले तरी तेही रुग्णाला विचारून करावे. जोडीदाराला सांगण्यासाठी समुपदेशकाची मदत घ्यावी. जोडीदाराला मोठा धोका आहे आणि समजावूनही रुग्ण सांगत नाही, अशा स्थितीत डॉक्टर किंवा समुपदेशकाला रुग्णाला पूर्वसूचना देऊन जोडीदाराला कळवण्याची मुभा कायद्यात आहे.

"लग्न केले की डोके ठिकाणावर येईल" या समजुतीने लग्न उरकू नये, आणि दोन्ही आजार लपवून तर मुळीच नाही. नियमित उपचाराने एचआयव्हीचा व्हायरल लोड दिसेनासा झालेल्या व्यक्तीकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हिपॅटायटिस बीला लस आहे आणि हिपॅटायटिस सी बरा होतो; त्यामुळे उघडपणे बोलून, दोघांच्या संमतीने संसार उभा राहू शकतो. सांगलीत १९९२ पासून संग्राम संस्थेने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांबरोबर एचआयव्हीचे काम केले आणि या विषयावर बोलण्याची वाट येथे उघडली. मानसिक आजाराविषयी तेवढा मोकळेपणा अजून आलेला नाही, आणि दोन्ही आजार एकत्र असलेल्या माणसाला त्याची सर्वांत जास्त गरज आहे.

एचआयव्ही आहे म्हणून मनोरुग्णालय दाखल करून घेण्यास नकार देऊ शकते का?

नाही, देऊ शकत नाही. सांगलीच्या रुग्णांना दीर्घ उपचारांसाठी पुण्याचे येरवडा किंवा रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयात पाठवले जाते, आणि एचआयव्हीच्या कारणावरून आरोग्यसेवा नाकारणे कायद्याने निषिद्ध आहे. नकार मिळाल्यास तो लेखी मागावा. रुग्णालयाचा तक्रार अधिकारी, एचआयव्ही कायद्याखालील लोकपाल आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ यांच्याकडे दाद मागता येते. दाखल करताना एआरटीचे पुस्तक, सर्व गोळ्यांची यादी, शेवटचा व्हायरल लोड आणि यकृत-मूत्रपिंडाचे अहवाल बरोबर द्यावेत, वॉर्डात एआरटीच्या गोळ्या कोण व कोणत्या वेळी देणार हे त्याच दिवशी विचारून घ्यावे, आणि घरी सोडताना पुढच्या महिन्याच्या गोळ्या कोणत्या केंद्रावरून मिळतील ते कागदावर लिहून घ्यावे.